माझा अनुभव: सिलिॲकची ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली तरी मी पुढच्या तपासण्या का केल्या

रिपोर्टवर 'निगेटिव्ह' छापून आलं की विषय संपला असं सगळे धरून चालतात, डॉक्टर पण, लॅबवाले पण आणि घरचे तर काय विचारूच नका. माझा अजून राग गेलेला नाही म्हणून लिहितेय. ज्यांना वर्षानुवर्षं ॲनिमिया आहे, पोटाच्या तक्रारी आहेत आणि सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं नुकसान होतं त्या आजाराची) टेस्ट एकदा निगेटिव्ह आलीय त्यांनी हे नक्की वाचा, कारण ती टेस्ट अर्धीच झालेली असू शकते.

माझं थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ५, म्हणजे फारच कमी. लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या, ब्रँड बदलून घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या, तरी आकडा हलेना. पोट फुगायचं, सारखं तोंड यायचं, केस मूठमूठ गळायचे. "बायकांना असतंच" हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता कोणी म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पाळीचं कारण असेल म्हणून सोनोग्राफी झाली, ती नॉर्मल. मग आमच्या फिजिशियननी सिलिॲक प्रोफाइल लिहून दिलं, ते लिहिलं हे त्यांचं खरंच चांगलं, कारण महाराष्ट्रात ज्वारी-बाजरी-तांदूळ खाणाऱ्यांना हा आजार कशाला होईल असा समज आहे आणि पुष्कळ ठिकाणी हे नावच कोणी काढत नाही.

रिपोर्ट आला. टीटीजी आयजीए ०.५ पेक्षा कमी, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले सिलिॲक नाही, गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी बघू.

आता यातली गोम सांगते. ही टेस्ट सिलिॲकमध्ये शरीर जी अँटीबॉडी बनवतं तिचा फक्त आयजीए हा एक प्रकार मोजते. पण काही लोकांचं शरीर आयजीए बनवतच नाही किंवा अगदी नगण्य बनवतं. अशा माणसाला आजार कितीही असू दे, टेस्ट निगेटिव्हच येणार, मोजायला काही नसेल तर मशीन काय मोजणार. म्हणून टीटीजी आयजीएबरोबर टोटल आयजीए नावाची दुसरी साधी टेस्ट करायची असते. सिलिॲकच्या दर शंभर पेशंटमध्ये दोन-तीन जणांना ही आयजीएची कमतरता असते, बाकी लोकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात टीप होती की आयजीए कमी असल्यास निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, टोटल आयजीएसोबत अर्थ लावावा. रात्री भांडी आवरून झाल्यावर चष्मा लावून वाचली आणि झोपच उडाली.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या कलेक्शन सेंटरला गेले, आणि इथून माझी जी अडवणूक सुरू झाली ती काही केल्या संपेना. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं माझं टोटल आयजीए कुठंय. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, "ताई तुमच्या सिलिॲक पॅकेजमध्ये एवढं एकच पॅरामीटर येतं." मी टिपेवर बोट ठेवून दाखवलं, म्हटलं हे तुमच्याच रिपोर्टवर लिहिलंय ना, मग ती दुसरी टेस्ट पॅकेजमध्ये का नाही. तर म्हणे "ते सगळ्यांच्याच रिपोर्टवर येतं ताई." मग मी विचारलं आधीच्याच रक्तातून करता येईल का, कारण लॅब रक्त काही दिवस फ्रीजमध्ये ठेवतात हे मला माझ्या भाचीने सांगितलं होतं, ती डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) झालीय. तो म्हणाला हेल्पलाइनला विचारा. हेल्पलाइनवाली आधी म्हणाली सॅम्पल टाकून दिलंय, परत फोन केला तर दुसरी म्हणाली आहे, पण ॲड-ऑन करायला डॉक्टरांची नवीन चिठ्ठी लागेल. म्हटलं मी पैसे भरते, माझं रक्त, माझी टेस्ट, तर म्हणे नाही मॅडम सिस्टिम घेत नाही.

चिठ्ठी आणायला गेले तर दवाखाना दिवाळीसाठी बंद. उघडल्यावर गेले तर डॉक्टरांना पटेना, "निगेटिव्ह आहे ना, कशाला अजून पैसे घालवता, इंटरनेटवर वाचू नका." मी शांतपणे रिपोर्टचं दुसरं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि काही न बोलता लेटरहेडवर लिहून दिलं, तेवढ्यासाठी मी त्यांचे आभार मानते. पण तोवर जुनं सॅम्पल खरंच गेलं होतं, परत सुई, परत नंबर लावा, परत वाट बघा. काही शे रुपयांची टेस्ट! ती पहिल्याच दिवशी त्याच रक्तात झाली असती तर माझी सगळी दिवाळी अशी टांगणीला लागली नसती. सिलिॲक प्रोफाइल नावाने पॅकेज विकायचं आणि त्यात ज्याशिवाय निकालाला अर्थ नाही ते घालायचं नाही, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिली गोष्ट, चिठ्ठीवर नुसतं 'सिलिॲक प्रोफाइल' नको. टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए, दोन्ही नावं वेगवेगळी लिहून घ्या आणि बिल करताना काउंटरवर दोन्ही आहेत का ते वाचून बघा.

दिवाळीत अजून एक त्रास म्हणजे सल्ले. करंज्या-शंकरपाळे समोर आले की जो तो "तू गहू बंदच कर ना, बरं वाटेल". सासूबाईंनी तर काळजीपोटी माझ्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी टाकायला सुरुवात केली होती. मी गहू बंद केला नाही. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू थांबवायचा नाही हे फार महत्त्वाचं आहे, कारण गहू थांबला की अँटीबॉडी खाली जातात, आतडं पण हळूहळू भरून येतं आणि मग अँटीबॉडीची किंवा आतड्याची टेस्ट धड बोलत नाही. नंतर गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी सांगितलं की ज्यांनी आधीच बंद केलाय त्यांना परत सहा ते आठ आठवडे रोज गहू खाऊन मग टेस्ट करावी लागते, आणि ज्याला खरंच त्रास आहे त्याचे ते आठवडे फार वाईट जातात. आपल्याकडे बरेच लोक मुळात भाकरी-भातावर असतात, पोळी आठवड्यातून एखाद-दोनदा, तर टेस्टच्या आधी तुम्ही रोज किती गहू खात होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा, मला हे कोणी विचारलं नव्हतं.

टोटल आयजीए आलं ७ च्या खाली. मोठ्या माणसात साधारण ७० च्या वर पाहिजे. मग संगमनेरहून तडक नाशिक गाठलं, गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टकडे. त्यांनी जुना रिपोर्ट घेतला, '०.५ पेक्षा कमी' या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले इतका तळाला गेलेला आकडा बघूनच शंका यायला हवी होती. मला तिथंच रडू आलं, कोणीतरी पहिल्यांदा रिपोर्ट नीट वाचला होता.

त्यांनी पर्याय सांगितले. एक, आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी, म्हणजे टीटीजी आयजीजी किंवा डीजीपी आयजीजी, आयजीए कमी असलेल्यांना याच करायच्या असतात. दोन, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची टेस्ट. ही निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास बाद, पण पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही कारण ही जनुकं कितीतरी ठणठणीत लोकांमध्येही असतात. ज्याने गहू कधीच सोडलाय आणि परत खायची हिंमत नाही त्याला ही टेस्ट उपयोगी, कारण खाण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. तीन, दुर्बीण (एंडोस्कोपी) आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासणं.

माझी टीटीजी आयजीजी स्पष्ट वाढलेली आली. आता घरात वाद हा की एवढं कळलं तर दुर्बीण कशाला, सरळ गहू सोड. आमचे हे पण त्याच मताचे, घशात नळी घालणार म्हटल्यावर घाबरले होते. मी मात्र ठाम होते. जन्मभर पोळी, पाव, रवा, शेवया सोडायच्या, लग्नकार्यात प्रत्येक पदार्थ विचारून खायचा, तर तो निर्णय मला अंदाजाने घ्यायचा नव्हता. शिवाय आयजीए कमी असलेल्यांना जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचं इन्फेक्शन जास्त होतं, त्यानेही आतड्याचं असंच नुकसान दिसू शकतं, आपल्या भागात ट्रॉपिकल स्प्रू हा आतड्याचा दुसरा आजार पण असतो, आणि बीपीची ओल्मेसार्टन नावाची गोळी चालू असेल तर तिच्यामुळे पण होऊ शकतं, डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं होतं. आणि फेरिटिन ५ असताना पोटात कुठून रक्त जात नाही ना हे तसंही बघायलाच हवं होतं. अँटीबॉडी सगळ्या निगेटिव्ह आल्या असत्या तरी माझ्या लक्षणांवर दुर्बीण करायलाच सांगितलं असतं असं ते म्हणाले.

दुर्बीण काहीच नाही हो. उपाशी जायचं, घशात कडू स्प्रे मारतात, गुंगीचं इंजेक्शन देतात, तुकडे घेतलेले कळत पण नाहीत. फक्त आधी विचारून ठेवा की तुकडे किती घेणार, कारण नुकसान सगळीकडे सारखं नसतं, एक-दोन तुकड्यांत निसटू शकतं. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या बल्बमधून एक-दोन घ्यायला हवेत. वरून आतडं नॉर्मल दिसलं तरी घ्यायचे. फॉर्मलिनची बाटली यांच्या हातात दिली आणि खालच्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजीत पोचवायला सांगितली, तांदळाच्या कणीएवढे पांढरट तुकडे तळाशी. बाटलीवरचं नाव आणि वय तिथंच तपासून घ्या.

बायोप्सीत मार्श ३बी आलं (मार्श म्हणजे आतड्याच्या नुकसानीची श्रेणी, ३बी म्हणजे बरंच नुकसान), जिआर्डिया दिसला नाही. म्हणजे सिलिॲकच. मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. लोह शिरेतून दिलं आणि गहू त्याच दिवशी बंद झाला.

हो, एक राहिलं, आयजीए कमी आहे हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे कधी रक्त चढवायची वेळ आली तर अशा काही लोकांना गंभीर रिॲक्शन येऊ शकते, क्वचितच येते पण हॉस्पिटलला माहीत पाहिजे. आणि पुढची फॉलोअपची ब्लड टेस्ट पण आयजीजीचीच करायची, आयजीएची केली तर परत खोटं निगेटिव्ह.

घरात गहू कुठं कुठं लपलाय ते शोधताना मी चकित झाले. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात तर असतोच. उपवासाचं साबुदाणा, वरई, राजगिरा चालतं, पण पीठ दळून आणायचं तर गिरणीत आधी कोणाचा गहू दळला ते विचारावं लागतं. आम्ही आता घरघंटी घेतलीय.

आईला, भावाला आणि माझ्या मुलाला पण टेस्ट सांगितल्या, जवळच्या नात्यात शक्यता जास्त असते. मुलाच्या वेळी मी काउंटरवर उभी राहून दोन्ही नावं बिलावर छापून घेतली आणि मगच त्याला आत पाठवलं. त्याचं टोटल आयजीए नॉर्मल, टीटीजी निगेटिव्ह, आणि तो रोज पोळी खातो, त्यामुळे हे निगेटिव्ह मला मान्य आहे. काही लक्षण दिसलं तर लगेच, नाहीतर काही वर्षांनी परत करून बघू.