नवी-जुनी गाणी एकाच यादीत

प्लेलिस्टमध्ये १९५०च्या दशकातलं गाणं आणि गेल्या महिन्यातलं गाणं शेजारी ठेवलं की पहिला घोळ आवाजाच्या पातळीचा. जुन्यासाठी आवाज वाढवायचा, नवं सुरू झालं की दचकून कमी करायचा. १९९०नंतर मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या ध्वनी-जुळणीत, सरासरी पातळी चढवत नेली गेली, त्याचा हा परिणाम. ॲपच्या सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी साधारण सारख्याच आवाजात वाजवायची सोय, चालू करा. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ही पातळी धरतं. स्वतःच्या फाइल असतील तर रिप्लेगेन टॅग लावा. त्यात मूळ ध्वनी तसाच राहतो, फक्त वाजवताना किती डेसिबल कमी-जास्त करायचे एवढीच नोंद होते.

जुनं गाणं शोधताना पहिलंच सापडलेलं घेऊ नका. मूळ मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) ध्वनिमुद्रणाला ओढूनताणून स्टीरिओ केलेल्या आवृत्त्या भरपूर फिरतात: एका कानात खर्ज, दुसऱ्यात तार, वर घुमारा. हेडफोनवर गायकाचा आवाज मधोमध येतोय का बघा. नसेल तर मोनो शोधा. 'रीमास्टर' या शब्दावर तर मुळीच भाळू नका. खरखर काढण्याच्या नादात कधीकधी झांजांची चमकही जाते.

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच पुढचं त्यावर चढवणं, ६ सेकंद ठेवला की नाचाच्या यादीला छान, पण संथ गाण्याचा शेवटचा सूर विरण्याआधीच पुढचं गाणं घुसतं. मिश्र यादीला शून्यच बरा.

क्रम? दोन ओळखीची, मग एक नवं. सलग चार अनोळखी आली की बोट आपोआप 'पुढचं'कडे जातं.