कापडावरचे वळ

तिसऱ्या प्रहरीचं तिरपं ऊन दोरीवर वाळणाऱ्या कॉर्डरॉयच्या पँटवर पडलं की तिचे वळ एकेक मोजता येतात. इंग्रजीत या वळाला ‘वेल’ म्हणतात. आपली वेल मांडवावर चढते, त्यांची कापडावर. छडीने पाठीवर उठतो तो वळही त्यांच्याकडे वेलच. लाकडी जहाजाच्या अंगाला लांबवर ठोकलेली जाड फळी वेल, स्वेटरमधली टाक्यांची उभी रांगही वेल. आपल्याला एवढं फिरायला नको. ‘वळ’ म्हटलं की बोटांना कळतं.

मोजायचे ते पट्टी आडवी ठेवून, एका इंचात किती बसतात ते. 11 वळ हे नेहमीचं कापड. 8 किंवा कमी म्हणजे जाड, पँट-कोटाचं. 16च्या पुढे बारीक, शर्टाचं. आकडा चढतो तसा वळ बारीक होतो, आणि घोळ इथेच होतो. जाडजूड हवं म्हणून कुणी 21 मागावं, तर हाती जवळजवळ मखमल पडते. फ्रेंच लोक तर या कापडाला ‘बरगड्यांची मखमल’च म्हणतात. ‘कॉर्डरॉय’ म्हणजे फ्रेंचमधली ‘राजाची दोरी’, ही व्युत्पत्ती मात्र बनावट. पण गोष्टीत राजा असला की ती मरत नाही.

हे वळ नुसते विणून उठत नाहीत. बाण्याचे, म्हणजे आडवे, जादा धागे मोकळे सोडून विणतात, मग गोल पाती फिरवून ते कापतात आणि टोकं ब्रशने उभी करतात. म्हणून कापडाला लव, आणि लवेला दिशा. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली जाणारी ठेवली तर फिका. एक पाय असा नि दुसरा तसा बेतला, की एकाच ताग्यातली पँट दुरंगी. कापड एकेरी पसरावं, खुणा उलट्या बाजूने, सगळे भाग एकाच दिशेला. कापड थोडं जास्त लागतं, इलाज नाही. शिवताना लवेवर लव आली की वरचा पदर सरकतो. टाका 3 मिलिमीटरचा, मशीनच्या फूटचा दाब कमी, टाचण्या जवळजवळ.

इस्त्री सुलट बाजूने कधीच नको, वळ झोपतात. खाली टॉवेल घालून, उलट्या बाजूने, वाफेवर करावी. नुसते झोपलेले वळ बहुतेक वेळा वाफेने उठतात. गुडघ्यावर झिजून टक्कल पडलेलं काही उठत नाही. तिथे ठिगळच. निदान त्याचे वळ उभे लावा. आडवे लावलेले रस्त्यापलीकडून दिसतात.