१०० मिलिमीटरची भूक

"खरं लिहू का?" आमच्या भुकेच्या अभ्यासात भाग घेणाऱ्या, तिसऱ्या खुर्चीवरच्या ताईंनी पेन उघडून विचारलं. मी "हो, खरंच लिहा" म्हटलं आणि पुढे गेले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कागदावर असते फक्त एक आडवी रेघ, बरोबर १०० मिलिमीटरची. डाव्या टोकाला 'अजिबात भूक नाही', उजव्या टोकाला 'याहून जास्त भूक लागूच शकत नाही'. आपल्याला वाटेल तिथे खूण करायची, ती आम्ही पट्टीने मोजतो. रात्रभराच्या उपवासानंतर पहिली खूण, मग ठरलेलं जेवण, मग ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटांनी पुन्हा. भरलेलं पान लगेच काढून घ्यायचं, नाहीतर माणूस मागची खूण बघून पुढची करतो. फॉर्मची झेरॉक्स काढायची नाही, कारण त्यात रेघेची लांबी थोडी बदलते. रेघ आम्ही इतकी जपतो! तिच्यापुढे बसलेल्या माणसाला भूक कबूल करायचीच लाज वाटत असेल, तर ती खूण कशाची म्हणायची?

त्याच मिनिटाला काढलेल्या रक्ताला लाज नसते, पण ते फार नाजूक असतं. घ्रेलिनसाठी, म्हणजे भूक वाढवणाऱ्या संप्रेरकासाठी, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब आधीच बर्फात ठेवायची, त्यात प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारा पदार्थ, घातलेला हवा. रक्त भरलं की पुन्हा बर्फात, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, वरचा प्लाझ्मा अलगद उचलून त्यात दर मिलिलिटरमागे ५० मायक्रोलिटर १ नॉर्मल तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, आणि छोट्या व्हायल्समध्ये वाटून उणे ८० अंशांना. ट्यूब टेबलावर पडून राहिली की रेणूच्या तिसऱ्या जागेवरच्या सेरिनला जोडलेली ऑक्टॅनॉइलची साखळी तुटते. मग सक्रिय घ्रेलिनचा आकडा कमी येतो. पोटात भूक असते, अहवालात नसते.

सेंट्रिफ्यूज फिरत असताना वाईट वाटत होतं. जास्त भूक म्हणजे हावरटपणा, असंच लोक अजून समजतात. पण संशोधक डग्लस कोलमन यांनी एका लठ्ठ जातीच्या उंदराचं रक्ताभिसरण दुसऱ्याला जोडून दाखवलं, त्याला अर्धं शतक होऊन गेलं. डीबी नावाच्या लठ्ठ जातीचा उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्याने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. ओबी या दुसऱ्या लठ्ठ जातीचा उंदीर साध्याला जोडला, तर ओबीचं खाणं कमी झालं. म्हणजे तृप्तीचा निरोप रक्तातून जातो. ओबीकडे तो निरोपच नाही, डीबीला तो ऐकू येत नाही. १९९४ मध्ये संशोधक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ओबीचं जनुक सापडलं, पुढे त्या निरोपाला लेप्टिन नाव मिळालं. उंदरांना कुणी हावरट म्हटलं नाही. माणसांना मात्र अजून "तोंडावर ताबा ठेवा" एवढंच ऐकावं लागतं.

ताईंनी आधी बरंच वजन उतरवलंय, म्हणून तर हे जास्त लागतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १० आठवड्यांच्या कडक आहारानंतर वजन उतरलेल्या लोकांना वर्षभराने पुन्हा तपासलं. लेप्टिन तेव्हाही सुरुवातीपेक्षा कमी होतं, घ्रेलिन जास्त, आणि भूकही जास्त. चरबी घटली की मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला, हायपोथॅलॅमसला, उपासमारीची वर्दी जाते आणि ती वर्ष उलटलं तरी थांबत नाही. त्या भुकेशी रोज झुंजणाऱ्या बाईंनी खरं लिहायला परवानगी मागावी!

असो. लाज मोजायची किट नाही, आणि ती एका सकाळीत जाणारीही नाही. हातात आहे ते करायचं. पहिल्या खुणेआधी एक वाक्य वाचून दाखवता येईल: "इथे चांगलं-वाईट उत्तर नाही, जास्त भूक लागणं हा दोष नाही." पण ते सगळ्यांना, त्याच शब्दांत, त्याच क्षणी वाचायला हवं. कुणाला वाचलं आणि कुणाला नाही, तर खुणांमधला फरक भुकेचा की वाक्याचा, हे कळणार नाही. चालू तुकडीच्या मधेच बदल केला तर आधीच्या आणि नंतरच्या खुणांची तुलनाच करता येणार नाही. म्हणून एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा, मंजुरी येईपर्यंत जुनाच फॉर्म, आणि नवं वाक्य पुढच्या तुकडीपासून. मसुदा आज रात्रीच लिहिते.