वाढलेले दोन रुपये कुठे गेले?

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान देऊ केले, तेव्हा डेअरीने शेतकऱ्याला 30 रुपये द्यावेत, अशी अट होती. ऑक्टोबरपासून अनुदान 7 रुपये झाले आणि डेअरीने द्यायचा दर 28 रुपयांवर आला. शेतकऱ्याच्या पदरात पडायचे ते दोन्ही वेळा 35 रुपयेच. म्हणजे वाढीव दोन रुपये तिजोरीतून गेले आणि तेवढाच भार डेअऱ्यांच्या डोक्यावरून उतरला. आमच्याकडे मात्र ‘अनुदान वाढले’ एवढेच ऐकू आले.

डेअऱ्यांची अडचण खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पुष्टकाळात दूध वाढते, पण पिशवीबंद दुधाचा खप त्या प्रमाणात वाढत नाही. उरलेल्या दुधाची पावडर आणि लोणी करून ठेवावे लागते आणि जागतिक बाजारात पावडरीचा भाव उतरला की तो माल गोदामात अडकून पैसा गुंतून पडतो. 2018 मध्ये आंदोलनानंतर आणि 2020 मध्ये टाळेबंदीत सरकार याच शिलकी दुधासाठी धावून आले होते. युरोपने तर हमीभाव देऊन लोणी आणि पावडरीचे ढीग उभे केले आणि उत्पादन आवरण्यासाठी 1984 मध्ये आणलेला कोटा 2015 पर्यंत चालवला. त्याच शिलकी पावडरीच्या आणि लोण्याच्या मदतीवर आपला दूधमहापूर (‘ऑपरेशन फ्लड’) 1970 मध्ये सुरू झाला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

माझा आक्षेप अनुदान लिटरवर मोजण्याला आहे. दूध जास्त झाले म्हणून भाव पडलेला असताना जास्त दूध घालणाऱ्यालाच जास्त पैसे मिळाले. पन्नास गाईंचा मुक्त गोठा असलेल्याला त्याचा खरा लाभ झाला, तर कपाशीच्या जोडीला दावणीला एक-दोन जनावरे बांधणारा खान्देशातला शेतकरी किरकोळ रकमेसाठी कागदपत्रे गोळा करत बसला. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक नोंदवताना एक आकडा चुकला, किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसले, तरी पैसे अडकत. ज्याच्याकडे म्हैसच होती, त्याचा या योजनेशी संबंधच आला नाही.

अशा लहान शेतकऱ्याला खरा चिमटा बसतो तो ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा. सरकी आमच्याच शेतातल्या कपाशीची, पण जिनिंगमधून तेलघाणीत जाऊन ढेपेच्या पोत्यात परत येते तेव्हा तिचा भाव दुधाच्या भावाला विचारत नाही, आणि जनावर भाकड असतानाही ती विकत घ्यावीच लागते. हाच पैसा ढेप, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आणि दादर ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीसाठी जनावरामागे ठरावीक रकमेने द्यावा, त्याला पाच जनावरांची मर्यादा घालावी आणि त्यात म्हशीही धराव्यात, असे मला वाटते. शिलकी दूध उचलायचेच असेल, तर अंगणवाड्यांसाठी उचलावे. तिथे ते निदान प्यायले जाईल.