बझाड्यातील खड्डा

भूजलाच्या कामात जमिनीने पाणी लवकर जिरवावे अशीच आमची इच्छा असते. परंतु यावल तालुक्यातील त्या गावी जमिनीने ते इतक्या झपाट्याने जिरवले की, माझा होकार तिथेच अडला.

गावाचा प्रस्ताव वरवर पाहता रास्त होता. शेजारच्या शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी नाल्याने वाहत तापीकडे जाते. ते वळवून कोरड्या पडलेल्या सामाईक विहिरीत सोडावे, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. पुराचे पाणी पावसाळ्यापुरतेच मिळते, सांडपाणी मात्र बारमाही. आणि केळीला पाणीही बारमाहीच लागते.

आम्ही विहिरीजवळ जेसीबीने खड्डा खणला. वरचा मातीचा पातळ थर संपताच सातपुड्यातून वाहून आलेले गोटे आणि भरड वाळू लागली. टँकरचे पाणी ओतले, तर पट्टीवर नोंद घेईपर्यंत खड्ड्याचा तळ दिसू लागला. लोकांना आनंद झाला. "साहेब, विहिरीचं कामच नाही, हा खड्डाच पुरे," सरपंचांचे वडील म्हणाले.

"आबा, पुराच्या पाण्यासाठी पुरे. या पाण्यासाठी नाही," मी म्हणालो.

बझाडा पट्ट्याचा, म्हणजे डोंगरपायथ्याशी गोटे-वाळू साचून बनलेल्या जमिनीचा, हा गुणच इथे दोष ठरतो. बारीक वाळूच्या आणि मातीच्या थरातून पाणी सावकाश झिरपले, तर गाळ आणि बरेचसे जंतू वाटेत अडतात. गोट्यांच्या फटींतून ते जवळजवळ आहे तसेच खाली उतरते. क्षार तर मातीही अडवत नाही. त्यातच भूजलाचा उतार सातपुड्याकडून तापीकडे, आणि नळयोजनेची विहीर नेमकी त्याच दिशेला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे, आणि सांडपाण्यातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते.

एका तरुणाने मोबाइल पुढे केला: कॅलिफोर्नियात लोक हेच पाणी पितात. माहिती खरी होती, पण अर्धी. ऑरेंज काउंटीत 2008 पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी सूक्ष्म गाळणी, आरओ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील किरण, अशा तीन पायऱ्यांतून शुद्ध करून मगच जमिनीत मुरवतात. जमीन तिथे शुद्धीकरणाची जागा घेत नाही. कोलार जिल्ह्यात 2018 पासून बंगळुरूचे दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेले पाणी तलावांत सोडले जाते. तिथेही तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे उरलेले जंतू आणि नत्रासारखे घटक काढणाऱ्या पुढच्या शुद्धीकरणाची, मागणी होतच राहिली. आमच्या केंद्रातही तिसरा टप्पा नाही.

नुसता नकार देऊन परतणे मला पटत नव्हते, कारण पाण्याची गरज खोटी नव्हती. म्हणून मी अहवालात दोन पाण्यांच्या दोन वाटा सुचवल्या. खड्डा गाळ अडवण्याची सोय करून नाल्याच्या पुरासाठी ठेवावा, मात्र पावसाळ्यात सांडपाणी त्यात मिसळू नये म्हणून ते आधीच पाइपाने वेगळे काढावे. हे वेगळे काढलेले पाणी तपासून, गाळून थेट कपाशीला द्यावे. तेवढा वेळ त्या शेतांतील ट्यूबवेल बंद राहिल्या, तर न उपसलेले पाणी हीसुद्धा भूजलात पडलेली भरच असते. आबांना हा हिशेब लगेच पटला. मात्र त्या पाण्याने ठिबकच्या नळ्या तुंबतात, तेव्हा गाळणीचा खर्च नगरपालिकेने करायचा की शेतकऱ्यांनी, यावर ग्रामसभेत वाद झाला आणि तेवढा एक मुद्दा पुढच्या सभेवर गेला.