बटणे लावायला लागणारा वेळ

फिजिओथेरपीत बारा वर्षे काढल्यानंतर पुन्हा कोणाच्या तरी नजरेखाली रुग्ण तपासायला बसणे अवघड असते. मॅन्युअल थेरपीच्या, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू हाताळून करायच्या उपचारांच्या, ज्या अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला होता, तो १९७४ साली स्थापन झालेल्या इफॉम्प्ट या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषांप्रमाणे चालतो आणि त्यात मार्गदर्शकासमोर प्रत्यक्ष रुग्णांवर किमान १५० तास काम करावे लागते. दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांत एकमेकांच्या धडधाकट पाठी दाबून मी जमवलेली प्रमाणपत्रे इथे कोणी पाहायलाही मागितली नाहीत, आणि ते योग्यच होते.

त्या सकाळचे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे होते. दोन्ही हातांची बोटे बधिर; चिठ्ठीवर निदान, मनगटात नस दबल्याचे. माझ्या मार्गदर्शक मॅडम कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. त्या मध्ये बोलत नाहीत, आणि नेमका त्याचाच धाक वाटतो. बोलण्याच्या ओघात गृहस्थ म्हणाले, "हल्ली शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो हो." मी मान डोलावली आणि रात्री मुंग्यांमुळे जाग येते का, हे विचारून मोकळा झालो. मनगटे मुडपून धरण्याच्या फॅलेन चाचणीत मुंग्या आल्या, मानेचा खालचा भाग आखडलेला लागला, आणि माझा उपचार ठरूनही गेला. मानेवर हात ठेवले तेव्हा मॅडमनी विचारले, "तुमचे निदान चुकले असेल, तर ते तुम्हाला कशावरून कळेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी रिफ्लेक्स हॅमर, म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया तपासायचा छोटा हातोडा, काढला.

मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला हॅमरचा हलका ठोका दिला की एरवी कोपर किंचित वाकते. यांचे कोपर जागचे हलले नाही. बोटे मात्र आपसूक मुठीकडे वळली. माझाच ठोका चुकला असेल म्हणून मी तीनदा पाहिले. तिन्ही वेळा तेच. मधल्या बोटाचे टोक टिचकीसारखे दाबून सोडले, तर अंगठा आत ओढला गेला. मग १० सेकंद मूठ भराभर उघडायला-मिटायला सांगितली. निरोगी हाताला २० वेळा सहज जमते. यांचे १२ वेळा झाले, आणि दर वेळी करंगळी मागे रेंगाळत होती. चालताना त्यांची पावले फाकून, जपून पडत होती. खुर्चीपासून पलंगापर्यंत ते माझ्यासमोरूनच चालत गेले होते, पण तेव्हा मी फॉर्म भरत होतो.

बिघडलेली चाल, हॉफमन (मधल्या बोटाच्या टिचकीने अंगठा आत ओढला जाणे), उलटा सुपिनेटर (मनगटाजवळच्या ठोक्याने कोपराऐवजी बोटे वळणे), बाबिन्स्की (तळपाय खरवडल्यावर पायाचा अंगठा वर उचलला जाणे) आणि पंचेचाळिशीपुढचे वय, या पाचांपैकी तीन जुळले की मानेत मज्जारज्जू दबल्याची शक्यता फार वाढते. बाबिन्स्की सोडून चारही जुळले. ही यादी मला तोंडपाठ होती. लेखी परीक्षेत मी तिच्यावर गुणही मिळवले होते. अशा मानेला हाताने झटका देणे निषिद्ध असते, आणि माझ्या मनात नेमके तेच होते.

त्याच दिवशी आम्ही त्यांना पत्र देऊन शल्यचिकित्सकांकडे पाठवले, आणि पुढे एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब दिसला. चिठ्ठी देणाऱ्याने हॅमर हातात घेतला नव्हता, असे मी दोन-तीन सहकाऱ्यांना तावातावाने सांगितलेही. पण मी तरी काय केले? चिठ्ठी वाचली, आणि तिच्यात बसेल तेवढेच ऐकले. कोपऱ्यात कोणी नसते तर, हा प्रश्न अजून सुटत नाही, कारण त्याआधीच्या बारा वर्षांत कोपऱ्यात कोणीच नव्हते.

संध्याकाळी तासांच्या नोंदवहीवर मॅडमनी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात दोनच ओळी होत्या: "९.२० – रुग्ण बटणांविषयी बोलले. ९.४५ – हॅमर."