धुराड्याची शाकारणी

बॉस्टनजवळचं आमचं घर शंभरीला टेकलंय. फायरप्लेस बघूनच ते घेतलं होतं. यंदा मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि तिथूनच टपटप ऐकू आली. फायरप्लेसमधल्या स्टोव्हवर गंजाचे तांबूस ओघळ.

मला वाटलं, छप्पर गळतंय. धुराड्याच्या मिस्त्रीने वर चढून फोटो काढले, तेव्हा कळलं, घोळ धुराड्याच्या वरच्या टोकाला आहे. विटांच्या धुराड्यात भाजक्या मातीची जुनी नळी, आणि तिच्यात आधीच्या मालकाने सोडलेला स्टीलचा सहा इंची लायनर, म्हणजे धूर वर नेणारी आतली नळी. इथवर काम चोख. पण वर पोचेपर्यंत गवंड्याची जेवायची वेळ झाली असावी. लायनरभोवती सिमेंट थापलं आणि उतरला खाली.

आता स्टील तापलं की वाढणारच. 30 फुटांची नळी 250 अंश सेल्सिअसने तापली, तर इंचभराहून जास्त लांबते. सिमेंटला ते कुठलं जमायला? भेग पडली, तिच्यात पाणी शिरलं आणि रात्री गोठलं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणजे दर थंडीत आतून पाचरच ठोकली जात होती.

थंडीत सिमेंट नीट धरत नाही, म्हणून काम मे महिन्यावर गेलं. जुनं सगळं फोडलं. मातीच्या नळीच्या तोंडावर स्टीलची प्लेट सिलिकॉनने बसवली आणि लायनर तिच्यातून वर काढून पट्ट्याने आवळला. लायनर त्या प्लेटला लटकतो, सिमेंटचा त्याला स्पर्शही नाही. मग विटांवरचा माथा नव्याने ओतला. त्याला बाहेरच्या अंगाला उतार दिला, कड विटांच्या दोन इंच पुढे काढली आणि कडेच्या पोटात एक बारीक खाच ठेवली. पाणी तिथे अडतं आणि विटांना न चिकटता पागोळीसारखं खाली पडतं. आपल्याकडे खिडकीवरच्या छज्ज्यालाही खालून अशी खाच असते. मी ती आजवर कधी निरखून पाहिली नव्हती.

आईला फोनवर हे सगळं ऐकवलं, तर म्हणाली, "एवढं काय सांगतोस, शाकारणी केलीस म्हण की!"

शेवटी जाळीचं झाकण. इथे चिमनी स्विफ्ट (चिमनी म्हणजे धुराडं) नावाचे पक्षी उन्हाळ्यात दक्षिण अमेरिकेतून येतात आणि धुराड्यात घरटी करतात. खरबरीत विटांना ते लटकू शकतात. गुळगुळीत स्टीलवर मात्र पंजे टिकत नाहीत, थेट तळाशी पडतात. घरट्यात अंडी असतील तर कायद्याने हातही लावता येत नाही. मिस्त्रीने आधी बॅटरी मारून आत पाहिलं, मगच झाकण लावलं.